नावं कोण पाहतं

जैनथ, ता. ३ सप्टेंबर

हर्षाली,

नावाआधी ‘सौ.’ लिहावं की नको, यात अर्धी सकाळ गेली. शेवटी नुसतं नाव लिहिलं. पाकिटावर मात्र तुझं पूर्ण नाव घातलं आहे, मधल्या माझ्या नावासकट. अर्धवट नावाची पाकिटं पोस्टमन परत आणतात, असं मी स्वतःला सांगितलं. तुला खटकलं तर खोडून टाक, पाकीट तुझंच आहे.

पत्र कशाला, मेसेज का नाही, असं म्हणशील. मेसेज करून पाहिले की. एकच खूण येते, दुसरी काही येत नाही, आणि मग गिऱ्हाइकाची साखर मोजता मोजता माझा डोळा त्या खुणेवर. पत्राला खुणाच नसतात. तू वाचलंस की केरात टाकलंस हे कळायला मार्ग नाही, म्हणून वाचलंस असं धरून चालता येतं. पत्ता तुझ्या पुण्याच्या स्टुडिओतून मिळवला. फोनवर मी तुझा आतेभाऊ आहे असं सांगितलं. नवरा म्हटलं असतं तर त्यांनी आधी तुला विचारलं असतं.

तर तुझा पिक्चर आला. पैनगंगेच्या काठावर ज्याचं शूटिंग झालं, ज्यातल्या पुण्याच्या हिरॉइनला आपल्यासारखं बोलता यावं म्हणून तू रोज दुकानातून उठून घाटावर जायचीस, तोच. नंतर तिचा आवाज भरून घ्यायला पंधरा दिवस म्हणून तू पुण्याला गेलीस. त्या पंधरा दिवसांची दोन वर्षं झाली, पण त्याबद्दल मी आज लिहीत नाही.

आला म्हणजे तिकडे, नदीपलीकडे महाराष्ट्रात आला. आदिलाबादच्या थेटरात तेलुगूशिवाय काय लागतं, हे तुला मी काय सांगू. आपल्याच नदीवर काढलेला मराठी पिक्चर पाहायला आपल्यालाच राज्य ओलांडायला हवं. म्हणून मी काय केलं ते तुझ्या लक्षात आलंच असेल. ऑटोवाल्या पंढरीच्या मोबाइलमध्ये जगातले सगळे पिक्चर असतात. त्याने लिंक पाठवली आणि मी दुकानातच तराजूला फोन टेकवून पाहिला.

रागाव. तुझी ती रील माझ्यापर्यंत आली आहे, ज्यात तुम्ही चार-पाचजण रांगेत उभं राहून सांगता की चोरीचा पिक्चर पाहू नका, आमच्या मेहनतीवर पाणी फिरतं. तू कडेला निळ्या साडीत उभी आहेस. बोलत काहीच नाहीस, नुसती मान हलवतेस. मला ते पटतं आणि पटतही नाही. चव पाहतो म्हणत मूठभर शेंगदाणे उचलून पुढे निघणाऱ्यांवर मी कसा तडकायचो आणि तू कशी हसायचीस. आता तो मूठ मारणारा मीच. पण शेंगदाणे विकायला मांडलेले तरी असतात. तुमचा पिक्चर आमच्याकडे कोणी मांडलाच नाही, तर विकत घ्यावा कुठून? पैसे भरून मोबाइलवर दिसतो का, तेही विचारलं. अजून नाही म्हणतात.

कॉपी कोणीतरी थेटरात बसून काढलेली. समोर एका माणसाचं डोकं, कुठेतरी बाळ रडतं आहे, चित्र हलतं आहे. तरी ऐकू आलं. हिरॉइन नवऱ्याला म्हणते, “काऊन असे गुमान बसले? तोंडात का सुपारी हाय?” माझ्या हातातलं माप तसंच राहिलं. चेहरा परका, पण ‘बसले’ म्हटल्यावर ते जरासं थांबणं तुझं. हे वाक्य तू मला किती वेळा ऐकवलं आहेस. पुढे सबंध पिक्चरभर मला वाटत राहिलं की तू आतल्या खोलीतून बोलते आहेस आणि ही बाई नुसते ओठ हलवते आहे. तुझी आठवण येते असं मी कधी म्हटलं नव्हतं. येते. फार येते.

एक राहिलं. शेवटचा प्रसंग झाला, पडदा काळा झाला आणि नावं यायच्या आत कॉपी संपली. काढणाऱ्याने मोबाइल खिशात घातला असणार. तुझं नाव काही दिसलं नाही.

प्रवीण


जैनथ, ता. ९ सप्टेंबर

हर्षाली,

मागच्या पत्रात ते नावाचं मी सहज लिहिल्यासारखं लिहिलं. सहज नव्हतं.

अमृतमामा बोथहून आले होते. बहिणीच्या घराची काळजी वाहणं हा त्यांचा जुना उद्योग, तुला ठाऊकच आहे. त्यांनी वकील पाहून ठेवला आहे. चहा संपायच्या आत म्हणाले, “दसरा झाला का सोडचिठ्ठीचा कागद करून टाकू. ते बी मोकळी, तू बी मोकळा.” आधी माझी सही, मग कागद तुझ्याकडे येणार. आई जोंधळे निवडत होती, तिने मान वर केली नाही. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माझी ही सवय तुला आवडायची नाही.

पण मनाशी मी एक ठरवलं, आणि ते तुझ्याखेरीज कोणाला सांगण्यासारखं नाही. पिक्चरच्या शेवटी तुझं नाव येत असणार. तिकडे कोणीतरी तुला विचारलं असेल, पूर्ण नाव काय लावायचं? तू सांगितलं असशील. त्या नावात मधे माझं नाव असेल तर मी सही करणार नाही, मामांनी उलटं टांगलं तरी. नसेल तर करीन, आणि तुला पुन्हा पत्र लिहिणार नाही.

हसू नको. तुला सरळ विचारता आलं असतं, पण मग तू मला बरं वाटावं म्हणून काही सांगितलं असतंस, किंवा वाईट वाटावं म्हणून. पिक्चरमधलं नाव तू मला दाखवायला दिलेलं नाही, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास.

तेव्हापासून मी शेवट शोधतो आहे. पंढरीने आणखी कॉप्या आणल्या. एकीत खालून सारखी जुगाराच्या ॲपची जाहिरात सरकते. एक हिंदीत केलेली, तिच्यात तुझ्या वाक्यांच्या जागी कोणी दुसरीच बाई बोलते. ती मी तिथल्या तिथे बंद केली. बाकी सगळ्या एकाच जागी संपतात. काळा पडदा, आणि संपलं. चोरणाऱ्याला पिक्चर हवा असतो. तो कोणी केला याच्याशी त्याला घेणं-देणं नाही. पंढरीला विचारलं तर तो म्हणे, नावं ठेवली तर फाइल जड होते.

मी त्याला कारण सांगितलं नाही. गाणं राहिलं आहे म्हणालो. त्याने गाणं वेगळं पाठवून दिलं.

प्रवीण


जैनथ, ता. १५ सप्टेंबर

हर्षाली,

आज लिहायला तोंड नाही, पण कोणाला सांगू?

पंढरीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं की शेवटपर्यंतचा स्वच्छ पिक्चर हवा असेल तर हे ॲप टाका. मी टाकलं. ते विचारत गेलं, तुमचे फोटो पाहू का, तुमचे नंबर पाहू का, तुमचे मेसेज वाचू का, आणि मी हो हो करत गेलो, लग्नात गुरुजी सांगतील तसं आपण करत जातो तसा. पिक्चर काही लागला नाही. फोन तव्यासारखा तापला आणि आपलाआपण काहीबाही उघडायला लागला. दुपारपर्यंत माझ्या नावाने गावभर नको ते फोटो गेले. भजनी मंडळाच्या ग्रुपवरही गेले. म्हातारे पांडुरंगराव काठी टेकत दुकानात आले आणि मला काही न बोलता नुसते पाहत उभे राहिले. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं.

आदिलाबादला मोबाइलवाल्याकडे नेला. तो म्हणाला, सगळं पुसावं लागेल, नाहीतर उद्या बँकेत शिरेल. मी म्हटलं, पूस. ऑटो स्टँडपर्यंत आलो आणि मग माझ्या लक्षात आलं. पळत गेलो. त्याचं काम झालं होतं. फोन नव्यासारखा कोरा करून त्याने माझ्या हातात दिला, वर कापडाने पुसूनही दिला.

तुझे आवाजाचे मेसेज होते त्यात. पुण्याला गेल्यावर पहिल्या महिन्यात पाठवलेले. “आईची गोळी संपली असंन, आनून ठेवा.” “कोथिंबीर वाळून राह्यली का, झाकून ठेवा तिले.” असले. प्रेमाचा एक शब्द नाही, पण दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी ते लावायचो. कोथिंबिरीचा तर पाठ झाला होता. तेवढ्यासाठी तरी कोथिंबीर झाकून ठेवायचो.

फुकट काही मिळत नसतं, हे निदान दुकानदाराला तरी कळायला हवं होतं. रीलमध्ये मान हलवत होतीस ते बरोबरच होतं. चोरीच्या पिक्चरपायी मी माझ्याजवळचं होतं ते घालवून बसलो. आता तुझं बोलणं त्या हिरॉइनच्या तोंडात तेवढं उरलं आहे. पंढरीकडून तीच पहिली, हलणारी कॉपी पुन्हा घेतली. घेताना लाज वाटली, तरी घेतली.

प्रवीण


जैनथ, ता. २१ सप्टेंबर

हर्षाली,

आईने पकडलं. रोज दुपारी कोणाचा पिक्चर पाहतोस म्हणाली. तुझं नाव या घरात घ्यायचं नाही असं कोणी ठरवलेलं नाही, पण दोन वर्षं आम्ही दोघं जपून वागतो आहोत. मी फोन तिच्यापुढे धरला. ती पोत्यावर बसून पाहायला लागली. आधी हसली. मग फोन हातात घेऊन कानाशी लावला.

“हे तं माह्यं बोलनं होय,” म्हणाली.

मी म्हटलं, हर्षालीचं आहे, तिनेच शिकवलं. त्यावर आई म्हणाली, “तिचं कुठचं? आली तवा तिले धड सांडशी मागता येत नव्हती.”

खरंच की. तू आदिलाबादेत तेलुगू शाळेत शिकलेली, तुमच्या घरी अर्धं तेलुगू, अर्धं हिंदी. लग्न होऊन आलीस तेव्हा तुझ्या मराठीला मीच हसायचो. आईजवळ चुलीपाशी बसून तू एकेक शब्द उचललास. सुपारीचं ते वाक्य आईने माझ्या बापाला जन्मभर ऐकवलं होतं, आणि ‘बसले’वर थांबायचं तेही तिचंच. आईचं मी रोज ऐकतो, म्हणून ऐकतच नाही. तुझ्या तोंडून आलं तेव्हा मला ते तुझं वाटलं. घरात दोन बाया एकच भाषा बोलत होत्या आणि मला पत्ता नव्हता.

अमृतमामा त्या दिवशी पुन्हा आलेले, तिथेच बसले होते. त्यांना तर आयतंच मिळालं. “मंग तं तिनं तुह्यं बोलनंच चोरून नेलं, मथुरा,” म्हणाले. “त्याच्यावर तिकडं नाव कमावलं, अन् तू इथं जोंधळे निवडून राह्यली.” मामांचं बोलणं आईला लागलं, हे मला दिसलं. त्या दिवशी ती जेवायला बसली आणि ताट तसंच सारून उठली.

सकाळी मला हळूच विचारलं, कोणाजवळून घेतलं ते पिक्चरमध्ये सांगतात का? मी म्हटलं, असेल तर शेवटी नावं येतात त्यात असेल. ती म्हणाली, मग आपण शेवट पाहू.

म्हणजे आता शेवट पाहायचा असलेले आम्ही दोघं झालो. पिक्चर मोठ्या शहरांतून उतरून यवतमाळला लागला आहे, दुपारचे दोन खेळ. माझ्या सहीची अट मी आईला सांगितलेली नाही. तिला काय पाहायचं आहे ते मला माहीत आहे, मला काय पाहायचं आहे ते तिला माहीत नाही.

प्रवीण


जैनथ, ता. २७ सप्टेंबर

हर्षाली,

दुकान बंद ठेवून काल यवतमाळला गेलो. तू पुण्याहून बोलावत होतीस तेव्हा हेच कुलूप मला जड जात होतं.

थेटरात सगळं लख्ख. समोर कोणाचं डोकं नाही. आवाज असा की हिरॉइनने भाकरी थापली तर आईने आपले हात पाहिले. आई एक क्षण गप्प बसली तर शपथ. हिरॉइनच्या आधी आईच वाक्य बोलायची. पुढच्या रांगेतली माणसं वळून पाहायला लागली, मग एकाने विचारलं, मावशी, पिक्चर आधी पाहिला काय? आई म्हणाली, “नाई बाप्पा, जगली.”

शेवटचा प्रसंग झाला. पडदा काळा झाला, नट-नट्यांची नावं वर सरकायला लागली, आणि फटकन दिवे लागले. पडदा बंद. लोक उठले. मी जिना चढून वर पिक्चर लावणाऱ्याच्या खोलीत गेलो. नावं पाहायची होती म्हणालो. तो डबा खात होता. “नावं कोन पाह्यते हो?” म्हणाला. “लोकं अर्धे दारात पोचले राह्यते.”

मी म्हटलं, माझ्या बायकोचं नाव आहे त्यात. तोवर आई कठडा धरून जिना चढत वर आलेली. त्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मधूनच लावता येत नाही म्हणाला, पण पुढच्या खेळाला बसा, तुमी उठेपर्यंत मी दिवे लावत नाई.

पुन्हा तिकिटं काढली. दोन तास पुन्हा बसलो. लोक गेले, झाडूवाली बाई दाराशी येऊन थांबली, आणि काळ्या पडद्यावर नावं येत राहिली. आईला वाचता येत नाही, तिने माझं मनगट धरलेलं. कॅमेऱ्यावाले, कपडेवाले, जेवण देणारे, गाड्या हाकणारे. किती माणसं लागतात ग एका पिक्चरला! ही सगळी मी पंढरीच्या मोबाइलमध्ये कापून टाकली होती. मधेच ‘प्रवीण’ असं दिसलं आणि मी खुर्चीच्या कडेला सरकलो. तो दिवे लावणाऱ्यांपैकी कोणीतरी निघाला.

मग आलं. वर लिहिलं होतं ‘बोली’. त्याच्या खाली ‘मथुराबाई, जैनथ’. आणि त्याच्या खाली ‘हर्षाली’.

एवढंच. माझं नाव नाही, तुझ्या बापाचं नाही, आडनावही नाही. वर सरकून गेलं.

आई म्हणाली, “काय आलं रे?”

“तुह्यं नाव आलं.”

“माह्यं कसं येईन? मी कुठं होती पिक्चरात?”

“तुह्यं पह्यलं आलं, आई. तिचं त्याच्या खाली.”

तिने विचारलं, “कसं लेहलं? नुसतं मथुरा, का मथुराबाई?” मथुराबाई, म्हणालो. तिने पदर डोक्यावर नीट घेतला, जणू पडद्यावरून कोणी पाहत होतं.

परतताना बस पैनगंगेच्या पुलावर आली. तिथे आईने विचारलं, तिच्या नावासंगं कोणाचं नाव होतं? कोणाचंच नाही, म्हणालो. आई म्हणाली, “मंग माह्यंच लागलं समज.”

आज सकाळी मामा आले. मी तोंड उघडायच्या आत आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, “चोरून नेनारा नाव लेहत नाई, दादा. तो कागद घरी घेऊन जा.” मामा माझ्याकडे पाहायला लागले. मी पहिल्यांदा त्यांना सरळ नाही म्हणालो. एका शब्दाला इतकी वर्षं का लागली, मला कळत नाही.

आता माझं. माझ्याच अटीप्रमाणे मला सही करायला हवी होती. नाव नव्हतं. दिवे लागेपर्यंत पाहिलं, नव्हतंच. बसमध्ये मी ते सोसायची तयारी करत होतो, आणि शेजारी आई मिटल्या तोंडाने हसत होती. तिचं तू तिला दिलंस. मला द्यायला माझं होतंच काय त्या पिक्चरमध्ये? तू ‘चार दिवस या, माझं काम पाहा’ म्हणत होतीस, तेव्हा आलो असतो तर निदान त्या जेवण देणाऱ्यांत तरी बसलो असतो. मला राग आला नाही. मला तू हवी आहेस, एवढंच वाटलं, नावात मी असो की नसो.

दसऱ्याच्या आधी आई तुझ्याकडे यायचं म्हणते. तिला मधे गाडी बदलता येत नाही, म्हणून मी सोबत. तुझ्या इमारतीशी आलो की ती वर येईल. मी खाली पिशव्या घेऊन थांबेन. तुम्ही दोघी पोटभर बोलून घ्या. मी वर यावं असं वाटलं तर खिडकीतून नुसतं ‘अवो’ म्हण, घरी मला हाक मारायचीस तसं. मला ऐकू येईल. माझं नाव घ्यायची गरज नाही.